दोन बिटांची काटकसर

पनवेलला एस.टी. स्टँडपासून चालत चार मिनिटांवर, टाइल्सच्या दुकानाच्या वर आमची कंपनी होती. सहा टेबलं, एक एसी आणि एसीच्या बरोबर खाली बसणारे आमचे साहेब. ते काही वर्षं परदेशात नोकरीला होते आणि त्या वर्षांचा उल्लेख केल्याशिवाय त्यांना चहासुद्धा मागवता येत नसे. ही दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. विमानतळ येणार म्हणून आजूबाजूच्या गावांत जमिनी मोजून घ्यायची घाई सुरू होती. खासगी मोजणीदारांनी हातात धरायच्या एका यंत्रासाठी आम्ही प्रोग्राम बनवत होतो. मोजणीदाराने साध्या मराठी शब्दांत सूत्र लिहायचं, आणि आमच्या इंटरप्रिटरने ती ओळ वाचून तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. तो इंटरप्रिटर मी लिहीत होते.

यंत्राची मेमरी लहान होती, म्हणून साहेबांनी नियम घातला: कुठलीही किंमत बत्तीस बिटांतच, म्हणजे शून्य-एकच्या बत्तीस खणांतच, बसली पाहिजे. आता त्या बत्तीस बिटांत आकडा आहे, मजकूर आहे की हो-नाहीचं उत्तर, हे कळायला काहीतरी खूण लागते. साहेब म्हणाले, खूण आकड्याच्याच शेवटच्या दोन बिटांत ठेव. मी म्हटलं, तिथं आकड्याचा स्वतःचा भाग असतो, अपूर्णांकाची अचूकता जाईल. आकड्यांना पूर्ण आठ बाइट, म्हणजे चौसष्ट बिट, देऊ या.

"शेवटचे दोन बिट कोण बघतं?" ते म्हणाले. "शेपटी आहे ती. कापली तरी प्राणी मरत नाही."

सगळे हसले. मीही हसले, आणि दोन दिवसांत ती शेपटी इतक्या सफाईने कापून दिली की स्वतःच्या कोडवर खूश होऊन तो मैत्रिणीला दाखवला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी साहेबांबद्दल बरंच वाईट बोलणार आहे.

वर्षभर काही बिघडलं नाही. मोजणीदार टेपने मोजायचे. जमिनीचा एक कोपरा शून्य धरायचा आणि बाकी सगळं तिथून. आकडे बारा, चाळीस, फार तर दोनशे. मग साहेबांनी यंत्राला उपग्रहावरून जागा सांगणारं उपकरण जोडलं. त्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जागा विषुववृत्तापासूनच्या मीटरांत येते. पनवेलमध्ये तो आकडा एकवीस लाखांच्या घरात जातो.

फॉर्मवर नाव लिहायला मोजक्या चौकटी असतात, तसं हे आहे. संगणकाच्या अपूर्णांकी आकड्याला बत्तीस बिटांत साधारण सातच अंकांची जागा मिळते. बारा मीटर लिहिले तर उरलेल्या चौकटींत सेंटिमीटर, मिलिमीटर सगळं मावतं. एकवीस लाख लिहिले की चौकटी तिथंच संपतात. आमच्याकडे नुसते बत्तीस बिट असते तर आकडा पाव मीटरच्या पायऱ्यांनी सरकला असता. दोन बिट कापल्यामुळे तो अख्ख्या मीटरच्या पायऱ्यांनी सरकत होता. मधल्या जागा आमच्या यंत्राच्या लेखी नव्हत्याच.

हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं. पनवेलजवळच्या करंजाड्याच्या जुन्या गावठाणात मोजणी होती. नवं यंत्र कसं चालतं ते दाखवायला मोजणीदाराबरोबर मला पाठवलं. दोन भावांची शेजारी शेजारी घरं, मध्ये पूर्व-पश्चिम जाणारा दीड फुटांचा बोळ. बोळ कोणाचा, यावरून वाद. थोरला भाऊ सत्तरीचा, पूर्वी मिठागरावर काम केलेला. तो सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून आमची वाट बघत होता. मोजणीदाराने आधी एका भिंतीपाशी खूण घेतली, मग समोरच्या भिंतीपाशी, आणि रुंदी विचारली. पडद्यावर आलं: ०.००. त्याने पुन्हा खुणा घेतल्या. पुन्हा ०.००.

म्हातारा उठला, आडवा होऊन बोळात शिरला आणि दोन्ही भिंतींना हात लावून उभा राहिला.

"मंग मी उबा हाय ती जागा कंची, बाय?" त्याने मला विचारलं.

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी यंत्र बंद करून चालू केलं. मोजणीदाराने मात्र यंत्रातून छापील कागद काढून सही केली आणि दोघा भावांना एकेक प्रत दिली. छापून आलं ते खरं, असा त्याचा समज होता. तो समज आम्हीच त्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊन करून दिला होता.

ऑफिसात साहेबांनी ऐकून घेतलं आणि करंजाड्यावरून जाणाऱ्या हाय टेन्शनच्या तारांना दोष दिला. खात्रीसाठी त्यांनी एक सल्लागार बोलावला. त्या गृहस्थांनी कोन गावात जाऊन तीच चाचणी केली. तिथं चूक निम्मी आली. झालं. करंजाड्याच्या हवेत दोष आहे, असा चार पानी अहवाल तयार झाला, त्याला रंगीत मुखपृष्ठ लागलं, आणि साहेबांनी तो परदेशातल्या आठवणींसकट आम्हाला वाचून दाखवला.

चूक बरोबर निम्मी का, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. मी जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन बसले. दोन हा आकडा एकवीस वेळा गुणला की वीस लाख सत्त्याण्णव हजार एकशे बावन्न येतात. संगणकाचा आकडा ही हद्द ओलांडून वर गेला की त्याची पायरी दुप्पट होते. कोन या हद्दीच्या थोडं दक्षिणेला, करंजाडे थोडं उत्तरेला. तारांचा, हवेचा, उपग्रहाचा काही संबंध नव्हता. दोष आमच्या टाइल्सच्या दुकानावरच्या मजल्यात होता, आणि त्यातला अर्धा माझ्या हाताने लिहिलेला होता.

उपाय अवघड नव्हता. आकडा पूर्ण आठ बाइटांत मेमरीत बाजूला ठेवायचा आणि बत्तीस बिटांत फक्त त्याचा पत्ता ठेवायचा. पत्ते चाराच्या पटीतच असल्यामुळे त्यांचे शेवटचे दोन बिट तसेही रिकामे असतात, तिथं खूण खुशाल बसते. मी तीन दिवसांत ते करून साहेबांसमोर ठेवलं. ते म्हणाले, यंत्र मंद होईल. मी म्हटलं, होईल, थोडंसं. ते म्हणाले, विचार करू. विचार करण्याऐवजी त्यांनी आठवडाभर यंत्राच्या डब्याचा रंग निवडला.

तेवढ्यात म्हातारा ऑफिसात आला. हातात आमचा छापील कागद. धाकट्या भावाच्या मुलाने बोळात विटा रचायला घेतल्या होत्या. मशीनने जागा शून्य दाखवली, म्हणजे बोळ नाहीच, असं त्याचं म्हणणं होतं. साहेबांनी म्हाताऱ्याला बसायला सांगितलं नाही. हा तांत्रिक विषय आहे, तुम्हाला समजणार नाही, असं ते म्हणाले आणि एसीखाली जाऊन बसले. म्हातारा जिना उतरून गेला.

रविवारी मी टेप घेऊन करंजाड्याला गेले. बोळ तीन ठिकाणी मोजला, पंचेचाळीस ते सत्तेचाळीस सेंटिमीटर भरला. कागदावर लिहिलं की छापील उत्तर चुकीचं आहे, यंत्राचा आकडा साठवण्याचा प्रकार चुकीचा आहे आणि तो मी लिहिला आहे. खाली सही केली. म्हाताऱ्याने कागद घडी करून खिशात घातला. पुतण्याने वाचलासुद्धा नाही. मशीनपुढे टेपचं काय घेऊन बसलात, असं म्हणून तो विटा लावत राहिला.

विटा माझ्या कागदाने निघाल्या असं सांगायला मला आवडलं असतं. त्या निघाल्या धाकट्या भावाच्या बायकोमुळे. बोळ बुजवला तर पावसाचं पाणी कुठं जाणार, आपल्याच भिंतीत ना, एवढंच तिने नवऱ्याला विचारलं. दुसऱ्या दिवशी बोळ मोकळा झाला. कोणाचा, ते ठरलं नाही. भाऊ मात्र पुन्हा बोलू लागले, असं मोजणीदाराकडून कळलं.

माझा बदल शेवटी यंत्रात गेला, कारण रोडपालीच्या एका बिल्डरला दीड मीटरचा जिना एक मीटरचा दिसला आणि त्याने साहेबांना फोनवर जे ऐकवलं ते आम्हालाही ऐकू आलं. साहेबांनी त्याला नवी आवृत्ती म्हटलं. पत्रकात छापलं की अचूकतेचा हा विचार त्यांना परदेशात असतानाच सुचला होता. शेपटीचा उल्लेख पुन्हा कोणी केला नाही.

त्यानंतर मी आणखी दोन वर्षं तिथंच नोकरी केली. पगार वेळेवर व्हायचा आणि घर जवळ होतं. मला दुसरं कारण सापडत नाही, आणि मी ते फारसं शोधलंही नाही.