हिलालभाऊंची ठिपक्यांची वही

एसटीच्या वर्कशॉपात हिलालभाऊ आधी बॉनेट उघडत नसत. गाडी सुरू करायला लावत, डोळे मिटून घटकाभर ऐकत आणि म्हणत, "तिसरा इंजेक्टर बघा." एरंडोलात त्यांच्या कानाला मान होता. पण डॉक्टरांनी आता सांगितले होते, उजवा कान गेलाच. डावाही फार तर दोन वर्षे साथ देईल.

त्या अवधीत त्यांना एकदा तरी उत्तर द्यायचे होते. स्वतः जुळवलेल्या रिसीव्हरवर वीस वर्षे ते दूरदूरच्या हॅम रेडिओवाल्यांचे, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांचे, मोर्स अर्थ न कळता ऐकत आले होते; लांब-आखूड आवाजांची ती सांकेतिक लिपी. उत्तर पाठवायचा संचही बांधून, कापडाखाली झाकून ठेवलेला. परवान्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि परवान्यासाठी मोर्सची परीक्षा. शिकवणारे कोणी नव्हते.

१९९९ साली महावीर जैनने जळगावात इंटरनेटचे दुकान टाकले. दर गुरुवारी, सुटीच्या दिवशी, हिलालभाऊ तिथे. हॅम लोकांनी साऱ्यांसाठी मांडून ठेवलेले अँटेनाचे नकाशे, मोर्सचे धडे पाहून ते हरखले. धड्याच्या माथ्यावरच सूचना होती: कानाने शिका, ठिपके मोजू नका. पण त्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते.

"भाऊ, आवाज नाही तर नाही. तक्ता छापून देतो," महावीर म्हणाला. "पाठांतराला काय लागतं?"

हिलालभाऊंनी तक्ता वहीत उतरवला आणि आठ महिने घोकला.

परीक्षेत हेडफोनमधून आवाज सुरू झाला. आवाजाचा आधी ठिपका करायचा, मग ठिपक्यांचे अक्षर. तोवर पुढची तीन अक्षरे निघून जात. मग ते नुसते ठिपके आणि रेघाच लिहीत सुटले, अक्षरे नंतर लावू म्हणून. वेळ संपली तेव्हा अक्षरे लागली होती अकरा.

"परीक्षाम्हा रांगोळी काढी का?" घरी सगळे ऐकून लिलाबाईंनी विचारले. नवरा हसला नाही, तेव्हा त्यांनी ताट वाढले.

दिवाळीनंतर महावीरने स्पीकर आणले. हिलालभाऊ तोच धडा डावा कान लावून ऐकत बसले. प्रत्येक आवाजाबरोबर डोळ्यांपुढे वहीचे पान येई. मिटल्या डोळ्यांपुढेही येई. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर त्यांनी गुरुवारची बस सोडून दिली. आताशा वर्कशॉपातही ते बॉनेट उघडून बघत.

एका संध्याकाळी त्यांनी रिसीव्हर लावला. डा-डि-डा-डि, डा-डा-डि-डा. कोणी आहे का, अशी ही हाक. वीस वर्षांत ऐकून ऐकून एवढी एकच त्यांच्या कानात बसली होती. तिला ठिपके नव्हते, रेघा नव्हत्या. सगळेच असे शिकायला हवे होते.

समोरचा तीनदा हाकारून थांबला. हिलालभाऊंनी आवाज पूर्ण वाढवला. मग पुन्हा हाक आली की नाही, ते आता डाव्या कानालाही कळले नाही.