आप्पांच्या बंदुकांचं कपाट

जावयाने आप्पांना खरं म्हणजे फारसं ओळखलंच नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं सासऱ्या-जावयाने 'काय, कसं काय?' आणि 'ठीक' एवढ्यावरच निभावली. दोघेही अबोल. एका खोलीत बसले तर पंख्याचाच आवाज यायचा. आप्पांचं लहानपण कसं गेलं, त्यांना कशाचं वाईट वाटायचं, हे आज कुणी विचारलं तर जावयाला सांगता येणार नाही. त्याला माहीत आहेत ते बंदुकांचे आप्पा, आणि तेही अगदी उशिरा भेटलेले.

आप्पा कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. अडलेलं यंत्र दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यातूनच जुन्या बंदुका घरात आल्या. पहिली मामाची, दुसरी बंद पडलेल्या नेमबाजीच्या क्लबातली, असं करत करत पाच झाल्या. सगळ्या परवान्यावर. शिकारीला मात्र कधी गेले नाहीत. घरात पाल निघाली तरी तिला वाट करून देणारा माणूस. बंदूक खोलायची, पुसायची, परत जोडायची, यातच सगळी हौस. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या बांगड्या साखरेच्या डब्यामागे, आणि ह्यांच्या लोखंडाला पोलादी कपाट!"

सासूबाई गेल्या. आप्पांचे गुडघे कुरकुरायला लागले. मुलीने त्यांना आपल्या गावी आणायचं ठरवलं.

"येतो," आप्पा म्हणाले. "पण बंदुका येणार असतील तर."

जावई म्हणजे फुगा फुटला तरी दचकणारा माणूस. पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून तो पोलादी कपाटाच्या किमती विचारायला लागला.

नियम आप्पांना तोंडपाठ होते. त्यांनी वाहतुकीची परवानगी काढली. प्रत्येक बंदूक रिकामी असल्याची पुन्हा पुन्हा खात्री केली, पेट्यांना कुलपं लावली. काडतुसांची पेटी वेगळी, तिचं कुलूपही वेगळं. मुलीच्या घरी नवं कपाट आधीच भिंतीला बोल्टांनी आवळून तयार होतं. दार लोटलं की आपोआप कुलूप लागणारं. त्याच्या दोन्ही किल्ल्या परवानेवाल्याशिवाय कुणाकडे असता कामा नयेत, हाही नियमच. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून तपासणीला येणार होते.

जावई गाडीने त्यांना घेऊन निघाला. निम्म्या वाटेवर पेट्रोल पंप लागला.

"आप्पा, पाय मोकळे करता?"

"नको."

"बाथरूमला वगैरे?"

"जायचंय हो. पण बंदुका सोडून उतरता येत नाही."

"मी बसतो ना गाडीत."

"तुमच्याकडे परवाना आहे?"

"नाही."

"मग तुमच्या हवाली कशा करू, जावईबापू?"

जावयाने जरा विचार केला. "मग बरोबर घेऊन जाता का आत?"

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले आणि एकदम खदखदून हसले. "हसवू नका हो, आधीच कठीण आहे!"

पुढचा सगळा रस्ता जावयाने एकेक खड्डा जीव मुठीत धरून चुकवला.

घरी पोचल्यावर पेट्या जावयाने उचलल्या, आप्पा पेटीची कडी धरून शेजारून लंगडत चालले. कपाट उघडलं. बंदुका वरच्या कप्प्यात, काडतुसं खालच्या कुलूपबंद खणात. हात मोकळे राहावेत म्हणून त्यांनी किल्ल्या आतल्या फळीवर ठेवल्या होत्या. शेवटची बंदूक आत गेली, आप्पांनी दार लोटलं आणि थेट बाथरूम गाठलं.

बाहेर आले ते सुटकेचा निःश्वास टाकत. मग खिसे चाचपायला लागले.

"आत?" मुलीने विचारलं.

"आत."

"दोन्ही?"

"एकाच कडीत. एखादी वेगळी ठेवली आणि कुणाच्या हाती लागली म्हणजे?"

मुलगी पोट धरून हसली. मग तिला बापाचा चेहरा दिसला.

"उद्या ते येतील," आप्पा म्हणाले. "म्हाताऱ्याला किल्ल्या सांभाळता येत नाहीत म्हणतील. परवाना जाईल. बंदुका नेतील."

"किल्लीवाल्याला गुपचूप बोलावू. कुणाला कळणार आहे?" मुलगी म्हणाली.

"आधी ठाण्यात फोन करू," जावई म्हणाला.

आप्पा पहिल्यांदाच फटकन बोलले. "तुम्हाला तर नकोच होत्या ना घरात? मनासारखं झालं!"

"नकोच होत्या," जावई चाचरत म्हणाला. "पण चोरून उघडलेलं कपाट त्याहून नको."

आप्पांनी परवाना काढून जावयासमोर ठेवला. म्हणाले, "करा फोन."

सकाळी फौजदारबाई किल्लीवाल्याला घेऊनच आल्या. त्यांच्यासमोर कुलूप फोडलं. त्यांनी प्रत्येक बंदुकीवरचा नंबर ताडून पाहिला, नळीतून उजेड पाहिला.

"आजोबा, इतकं सुरक्षित कपाट मी पाहिलं नाही. मालकालासुद्धा उघडत नाही!"

सगळे हसले, आप्पा सोडून. मग बाई गंभीर झाल्या. "आपणहून कळवलंत म्हणून मी परवान्याला हात लावत नाही. पण तुमचं वय बघता घरात दुसरा परवानेवाला हवा. नसेल तर बंदुका कायमच्या बंदूकविक्रेत्याच्या दुकानात जमा करा."

"करतो जमा," आप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक, की बाईंना परत विचारावं लागलं.

"माझा अर्ज घ्या," जावई म्हणाला.

"तुम्ही?" बायकोचे डोळे विस्फारले. "अहो, कुकरची शिट्टी झाली तरी दचकता!"

"कुकर नाही सांभाळायचा मला."

परवाना मिळायला महिने गेले. नेमबाजीच्या शिकवणीत पहिली गोळी त्याने डोळे घट्ट मिटून झाडली आणि मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या. तोवर बंदुका दुकानात होत्या. आप्पा दर आठवड्याला तिकडे जायचे, दवाखान्यात ठेवलेल्या नातेवाइकाला भेटून यावं तसे.

बंदुका घरी आल्या, आणि दर रविवारी सकाळी दोघे जमिनीवर जुनी चादर अंथरून बसू लागले. आप्पा खोलायचे, जावई पुसायचा. बोलणं तेव्हाही बेताचंच. पण जावयाने एखादा भाग बरोबर बसवला की आप्पा "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"वर त्याचा आठवडा छान जायचा. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अशाच एका रविवारी आप्पा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्याआधी जावई बाजाराला निघाला होता, पायात चप्पल सरकवत होता.

"बाहेर चाललास?"

"हो."

"मशीनचं तेल आण. पातळ बघ. मागचं फार चिकट निघालं."

"आणतो. अजून काही?"

"नको. सावकाश ये."