फौजेचे दात

आष्ट्याच्या स्टँडमागं डॉ. ऋषिराज मोहिते यांचा दातांचा दवाखाना आहे. तिथं पेशंटनं डॉक्टरला जखमी केल्याची घटना एकदाच घडली, आणि ती घडवली डॉक्टरांच्याच शाळासोबत्यानं, खताचं दुकान चालवणाऱ्या आर्जव पाटलानं. ऋषिराज त्याची अक्कलदाढ चाचपत होता. तेवढ्यात खिडकीतून आर्जवला उधारीवाला बिरदेव दिसला. असं गिऱ्हाईक नजरेला पडल्यावर गप्प बसणं आर्जवच्या रक्तात नव्हतं. "बिरदेवा!" अशी हाक त्यानं घशातून काढली, आणि 'ब' म्हणण्यासाठी करकचून तोंड मिटलं. आत ऋषिराजचं बोट होतं.

"अरे, तू जैन ना?" रक्ताळलेलं बोट नळाखाली धरून ऋषिराज म्हणाला.

"व्हय. पण तुझं बोट तिथं काय करत होतं?"

"सोसायटीची मिटिंग घ्यायला गेलं होतं!"

उजव्या हाताचं पहिलं बोट म्हणजे दंतवैद्याचं निम्मं दुकान. त्याला हे जाडजूड बँडेज बसलं. उरलेल्या पेशंटना उद्या यायला सांगून ऋषिराज भर दुपारी गाडीला किक मारून गावाकडं निघाला. दुपारचं घर कसं दिसतं हे तो विसरूनच गेला होता.

उसाच्या फडांमधून जाणारा तो रस्ता तसा विचार करायला चांगला. ऋषिराजचं एमबीबीएस थोडक्यात हुकलं होतं आणि म्हणून तो दाताकडं वळला होता. हे तो कुणापासून लपवत नसे, कारण लपवायची सोयच नव्हती. त्याचे वडील, निवृत्त सुभेदार गुंडा मोहिते, पाव्हण्याला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी हे सांगत. "माणसाचा डाक्टर व्हायला गेलतं. दातापाशीच दमलं."

पण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी त्यानं एका म्हातारीची दाढ काढली. आठवडाभर झोपली नव्हती बिचारी. उठताना तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि ऋषिराजला हे काम आवडून गेलं. घरी मात्र बोलला नाही. त्यांच्या घरात आवडनिवड हा विषय रश्श्यापुरताच निघे.

एका लग्नात वरबापाला भोवळ आली. "कुणी डॉक्टर आहे का?" असा पुकारा झाला. ऋषिराज उठला. तर सुभेदारांनी परेडच्या आवाजात अख्ख्या मांडवाला ऐकवलं, "बस खाली! त्येला चक्कर आलीया, दाढ न्हाई दुखत!" मांडव हसला. वरबापसुद्धा शुद्धीवर येऊन हसला.

दवाखान्याच्या उद्घाटनाला फीत सुभेदारांनीच कापली. नवी खुर्ची, वर दिवा, शेजारी चूळ भरायचं भांडं. लोक म्हणाले, पहिला मान तुमचा, बसा. सुभेदार हात पाठीमागं बांधून उभे राहिले. "मला काय धाड भरलीया? माझे दात फौजेचे हायत." त्या दिवसापासून ऋषिराजला एकच हाव लागली. त्या खुर्चीत सारा तालुका बसून गेला, एकदा बाप बसावा. नाव काढू नये, कौतुक करू नये, नुसता बसावा.

सुभेदारांची तंबाखू मात्र त्यानं सोडवली होती. सडलेल्या तोंडांचे फोटो दाखवून त्यानं बापाला असं काही घाबरवलं, की सुभेदारांनी पिशवी उकिरड्यात भिरकावली आणि फौजेचा शब्द दिला. पुढं वर्षभरात माणूस बदललाच. मटण सुटलं, ठेचा सुटला, भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. आरडाओरडा बंद झाला. गावानं त्याचा अर्थ लावला, की सुभेदारांना वैराग्य आलं. भजनातल्या मंडळींनी तुळशीची माळ आणून त्यांच्या गळ्यात घातली. सुभेदार मान हलवून गप्प राहिले, तेव्हा तर लोक पायाच पडले. ऋषिराजही फुशारला होता. तंबाखूवाल्या पेशंटना तो टोचून सांगे, "आमच्या बाबांनी सत्तरीत सोडली, तुम्हाला चाळिशीत जमत नाही?"

घरी आई, बनुबाई, दारात धान्य पाखडत होती. तिनं मानेनंच मागं खूण केली. "गोठ्यात हायती. आजकाल एकटंच जेवत्यात. देवमाणूस झालाय."

देवमाणूस म्हशीकडं तोंड करून बसला होता. हातात आंबिलीची वाटी. चमचा ओठांत सरळ शिरत नव्हता, म्हणून कडेनं, आडवा करून, दातांच्या फटीतून सरकवणं चाललं होतं. निम्मी आंबील दाढीवर. मांडीखालून तंबाखूच्या पिशवीचं टोक बाहेर आलेलं.

"बाबा?"

सुभेदारांनी आधी पिशवी झाकली, मग दाढी पुसली. "दवाखाना बंद का?" दात न उघडता त्यांनी विचारलं.

"आर्जव चावला."

"त्यो तर जैन हाय की."

"बाबा, आ करा."

त्यांनी केला. जेमतेम एक बोट जाईल एवढी फट झाली, पुढं जबडा हलेना. ऋषिराजनं गाडी पुन्हा वळवून दारात लावली.  सुभेदार उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि निमूटपणे गाडीवर मागं बसले. वाटेत ऋषिराजला सगळ्यात जास्त धास्ती बसली ती याचीच, की बापानं शिवी दिली नाही.

आणि सुभेदार खुर्चीत बसले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं. ऋषिराजनं दिवा लावला. डाव्या हातात छोटा आरसा धरून त्या फटीतून आत सरकवला. गालाच्या आतल्या बाजूला ते होतं, वरवंट्यानं ठेचल्यासारखं, कडा उचललेलं. पुस्तकात अशा चित्राला अख्खं पान देतात. दात मात्र सगळे जागच्या जागी, रांगेत, ताठ.

"किती काढायला लागत्यात?" सुभेदारांनी विचारलं.

"एकही नाही."

"सांगत हुतो की. फौजेचे हायत." ते मागं रेलले, हातांनी खुर्चीच्या कडा चाचपल्या. "खुर्ची ब्येस हाय रं. आधी बोलायचं न्हाई का?"

मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो बघितले, मग ऋषिराजकडं बघितलं. "तुम्ही डेंटिस्ट ना?" एवढंच विचारलं, तेही सभ्यपणे. अर्धा जबडा काढावा लागला, आणि त्याबरोबर फौजेचे निम्मे दात गेले. एकही किडलेला नव्हता. सुभेदारांची जीभ शाबूत होती, पण बोललेलं कुणाला कळेना. दिवाळीच्या आत ते गेले.

दहाव्याला कृष्णाकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले. मुलानं शब्द दिला की घर सांभाळीन. कावळा येईना. आईला बघीन म्हणाला. येईना. मटणाचा रस्सा ठेवला, भजनवाल्यांनी तोंड फिरवलं, पण रश्श्यालाही येईना. ऊन चढलं, लोक घड्याळं बघू लागले. शेवटी चुलत्यानं, जोतिबानं, स्वतःच्या खिशातली पिशवी काढून ऋषिराजच्या हातात दिली. "ठिव गड्या. आता काय व्हायचंय?"

ऋषिराजनं बापाच्या पिंडावर स्वतःच्या हातानं तंबाखूची चिमूट ठेवली. कावळा तत्काळ आला.

मंडळी मोकळी झाली. वाळूतून परतताना मागं कुणीतरी हलक्या आवाजात, पण ऐकू जाईल असं म्हणालं, "पोरगं दाताचं डाक्टर, आन् बापाच्या तोंडात काय चाललंय ते दिसलं न्हाई." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं आणि पुढं येऊन ऋषिराजच्या खांद्यावर हात ठेवला. "लय वाईट झालं डाक्टर. दवाखाना कवा उघडताय? माझी ही मागची दाढ ठणकतीया."

ऋषिराजनं सोमवारी या म्हणून सांगितलं.

आर्जव बरोबर चालत होता. पाणवठ्यापासून गाडीपर्यंत त्यानं बराच वेळ कळ काढली, पण गप्प राहणं त्याला याआधीही जमलं नव्हतं.

"ऋष्या, खरं सांग. उद्या पुन्हा बारावीचा निकाल हातात आला, तर हेच घेशील का रं?"

मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी ओढत ऋषिराज म्हणाला, "न्हाई, गुरांचा डॉक्टर होईन, त्यांचं तोंड बळजबरीनं उघडता येतं."