डांबरवाल्याच्या घरची पांढरी गाडी

रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या टोळीचा मुकादम कामावरून घरी यायचा तो निम्मा काळा होऊनच. लग्नानंतर पहिल्या महिन्यात बायकोने त्याचे हात रॉकेलने चोळून पाहिले. कातडी सोलवटली, डाग तिथेच. तेव्हापासून रोज संध्याकाळी वाटीत गोडं तेल, जुन्या बनियनचा तुकडा आणि नवऱ्याचे हात तिच्या मांडीवर.

तिच्या थोरल्या बहिणीने या स्थळाला नाक मुरडलं होतं. "त्या घरात तुझी एक वस्तू पांढरी राहायची नाही," असं तोंडावर सांगून मोकळी झाली. पण मुकादमाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हीच थोरली आपली नवीकोरी पांढरी गाडी दारात लावून गेली. "रोज व्यायामाला न्यायचंय ना त्याला? रिक्षात कसा दुमडणार गुडघा? घे किल्ली." धाकटीला चाळिशीत गाडी चालवायला शिकवलं तेही तिनेच, ओरडून ओरडून. जीभ फटकळ आणि हात सढळ अशी माणसं असतात. त्यांच्या जिभेकडे कानाडोळा करावा, हे धाकटीला लवकर कळलं होतं.

गाडी परत द्यायच्या दिवशी मुकादमाला हुक्की आली. "आमच्या पोरांनी नवा रस्ता टाकलाय. नुसता लांबून बघू." लांबून कसलं! वळण चुकलं, गाडी ओल्या डांबरावर गेली आणि घरी येऊन बघतात तो दोन्ही बाजूंच्या दारांना काळा गोवर निघालेला.

संध्याकाळी थोरली येणार. इतक्या मनाने दिलेली गाडी, आणि तिची ही दशा!

मुकादम लंगडत आला. एका हातात डिझेलचा डबा, दुसऱ्यात पत्र्याची पट्टी. "सरक. आमची सगळी अवजारं यानेच साफ होतात."

"खबरदार! फावडं आहे का ते?"

"आता डांबराचं तू मला शिकवणार?"

"डांबराचं नाही हो, कातडीचं. तुमच्या हातांना कधी पत्रा लावला का मी?"

मुकादमाने डबा खाली ठेवला.

तिने गाडी सावलीत घेतली. दारं तापलेली होती, ती निवू दिली. आधी साबणाच्या पाण्याने धूळ काढली, नाहीतर फडक्याखाली तीच कचकच रंग ओरबाडते. दाराच्या आतल्या कडेला तेल लावून रंगाला काही होत नाही ना, ते पाहिलं. मग तेलात भिजवलेले मऊ तुकडे डागांवर चिकटवले आणि स्टूल ओढून बसली.

"अगं, घास की!"

"बसा गप्प. सुटू दे त्याला."

बऱ्याच वेळाने तिने फडकं हलकेच ओढलं. डाग विरघळून फडक्यावर आला. हटवादी डागांना पुन्हा तेल, दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू. मुकादमही स्टुलावर बसून खालचे डाग टिपू लागला. निम्मं दार झाल्यावर म्हणाला, "मी दमून बसायचो तुझ्यासमोर, डोळे मिटून. मला वाटायचं, तेल लावलं की निघतं. एवढी बसून राहायचीस होय गं?"

"मग? तेवढंच तुम्ही गप्प सापडायचात."

तो हसला, पण मान वर केली नाही. शेवटी गाडी शाम्पूने धुऊन तिने तेलाचा ओशटपणा काढला.

थोरली आली. तिने काही बघायच्या आत धाकटीने सगळं सांगून टाकलं. थोरलीने वाकून दारावरून बोट फिरवलं. "कुठे होतं?"

"सगळीकडे."

"हं." मग मुकादमाकडे वळून, "गुडघा पुरता वाकतो का?"

"अजून नाही, ताई."

"मग किल्ली परत कसली देताय, खुळ्यांनो! मी जाते बसने."

धाकटीने चपला पायात सरकवल्या. आभार मानावेत तर थोरली अंगावर यायची. "थांब, ताई. मी सोडते तुला."

"चल. आणि जाताना याचा तो रस्ता दाखव. वाळला असला तर."

"वाळला असेल की एव्हाना!" म्हणत मुकादम कुणी न बोलावताच मागच्या सीटवर जाऊन बसला.