नानांची डिजिटल डायरी

धुळ्यात देवपूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते, तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचे विभागप्रमुख पुण्याला दोन दिवसांच्या सेमिनारला जाऊन आले होते आणि तेवढ्या भांडवलावर विद्वान म्हणून वावरत होते. लॅबमध्ये लिनक्स ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणली मी, चालवायला शिकले मी; पण पाहुण्यांसमोर "आमच्याकडे सगळं लिनक्सवर" असं म्हणण्याचा मान त्यांचा.

एका सकाळी त्यांच्या ओळखीचे एक नाना रावेरहून आले. केळीचे शेतकरी. अमेरिकेतल्या मुलीनं त्यांना तळहातावर मावेल अशी डिजिटल डायरी पाठवली होती. तिच्या काडीएवढ्या पेननं नानांनी वर्षभर, इंग्रजी अक्षरांत का होईना, मराठीत सगळं टिपून ठेवलं होतं. कुठल्या शेतात केळी कधी लावली, वारा कधी सुटला, थंडीनं घड बाहेर न पडता झाडातच कुठे अडले. आता सेल उतरत आले होते, आणि सेल बदलताना आतलं सगळं पुसलं जाऊ शकतं, असं मुलीनं फोनवर बजावलं होतं.

"मले एवढंच सांगा बाई," नाना मला म्हणाले, "हे सारं कॉम्प्युटरात ठेवता येईन का?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "सहज! पाच मिनिटांचं काम."

डायरी एका छोट्या स्टँडवर बसायची आणि स्टँडची यूएसबी वायर कॉम्प्युटरला लागायची. स्टँडवर एक बटण होतं. नानांचं बोट तिकडे जाताच सर ओरडले, "हात लावू नका! कॉन्फिगरेशन बिघडेल."

नोंदी उतरवून घेणारा प्रोग्राम मी चालवला. डायरीशी बोलायची वाट, म्हणजे पोर्टच सापडेना. सरांनी वायरकडे एक नजर टाकून निकाल दिला, "वायर खराब." नाना बिचारे ती घेऊन जळगावच्या एका रेडिओ मेकॅनिककडे गेले. त्यानं तार न् तार तपासली आणि वायर ठणठणीत असल्याचं सांगितलं. आठवड्यानं नाना परत आले, तेव्हा सरांच्या मते कॉम्प्युटर खराब होता. आम्ही दुसरा लावला, मग तिसरा. शेवटी लिनक्सच खराब ठरलं. त्या डायरीची ओळख पटवणारा नवा ड्रायव्हर आला होता, तो घालून मी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पुन्हा बांधला. त्यात दीड तास गेला. पोर्ट नाहीच. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणून सर तासावर गेले. काय म्हटलं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

नाना बराच वेळ त्या स्टँडकडे बघत बसले होते.

"बाई, दाबायचंच नव्हतं तं हे बटन काहाले देलं असीन?"

मला माझीच लाज वाटली. कॉम्प्युटर शिकवणारी मी, आणि एका ओरडण्याला भिऊन एकदाही त्या बटणाला शिवले नव्हते.

"दाबा नाना."

त्यांनी दाबलं, आणि पडद्यावर ओळी सरकल्या: डायरी सापडली, पोर्ट तयार. थोड्या वेळानं पोर्ट पुन्हा नाहीसा झाला. मग उलगडलं. बटण दाबल्याशिवाय ही डायरी कॉम्प्युटरला दिसतच नव्हती. आधी बटण, मग लगेच प्रोग्राम. तसं केलं, तर आता कॉम्प्युटरनं परवानगी नाकारली. त्यासाठी मुख्य पासवर्ड लागत होता. सर तो कीबोर्डवर ओणवे होऊन टाइप करायचे. पासवर्ड होता कॉलेजचं नाव, आणि तो पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत होता. मी टाकला.

नोंदी कॉम्प्युटरात उतरल्या. नानांनी सेल बदलले. बदलताना एक सेल निसटून टेबलाखाली गेला, तो सापडेपर्यंत डायरी कोरी झाली. नानांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "बटण दाबा." लगेच प्रोग्राम चालवला, आणि सगळं डायरीत परत आलं. नाना एकेक नोंद मोठ्यानं वाचत सुटले.

पुढच्या महिन्यात जळगावच्या एका कार्यशाळेत सरांनी "आमच्या विभागाचं संशोधन" या विषयावर पाऊण तास भाषण ठोकलं. एकानं विचारलं, "सर, बटण आधीच का दाबायचं?"

"ते फार टेक्निकल आहे," सर म्हणाले.

दुसऱ्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या. नोकरीत कायम व्हायचं होतं मला.