मामांची वही आणि माझी खोटी सही

एका कागदावर मी खोटं लिहिलं होतं. ‘आठ संगणकांवरून एकाच वेळी नोंदी भरून प्रोग्रॅम तपासला’, एवढंच वाक्य आणि खाली माझी सही. प्रत्यक्षात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात एकट्यानं बसून, एकाच संगणकावर, मी एकामागून एक नोंदी भरल्या होत्या. सगळ्या बरोबर आल्या. मी सही केली आणि चहाला गेलो.

ही २००४-०५ची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याला ऊसनोंदीचा प्रोग्रॅम हवा होता. शेतकी ऑफिसच्या हॉलमध्ये आठ क्लार्क आठ संगणकांवर नोंदी भरणार, सर्व्हर प्रत्येक नोंदीला पुढचा नंबर देणार आणि त्या क्रमानं हंगामात तोडणीची टोळी शेतात जाणार. प्रोग्रॅम मी पर्ल भाषेत लिहिला. एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागू नये म्हणून थ्रेड वापरले. म्हणजे एकाच प्रोग्रॅमनं आठही जणांचं काम एकाच वेळी हातात घ्यायचं. सर्व्हरवरच्या पर्लमध्ये ती सोय नव्हती. ती घालून सगळं पर्ल नव्यानं बांधून घ्यावं लागलं. त्यात चार दिवस गेले. जमलं तेव्हा मला इतकं भारी वाटलं, की तपासणी म्हणजे उरलंसुरलं काम वाटलं.

हंगाम सुरू झाला आणि पाच शेतकरी शेतकी ऑफिसात येऊन उभे राहिले. नोंद दिलेली, पण यादीत प्लॉट नाही. यादीत नाही म्हणजे टोळी नाही. ऊस उभ्या उभ्या वाळणार. पाचातल्या चार नोंदी एकाच क्लार्ककडे दिलेल्या होत्या. पंचावन्नच्या घरातले गृहस्थ, मी त्यांना मामा म्हणायचो. आठ जणांत सगळ्यात झपाट्यानं टाईप करायचे ते.

शेतकी अधिकाऱ्यांनी हॉलमध्येच सगळ्यांसमोर त्यांना विचारलं.

“मी भरल्यात की सायेब,” मामा म्हणाले. “नंबर आल्याला बघूनच फुडची घेतली.”

“मग गेल्या कुठं? म्हशीनं खाल्ल्या व्हय?”

हशा पिकला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, “प्रोग्रॅम तपासलेला आहे. कागद फायलीला आहे.” मामा बौद्ध समाजातले. “ह्यांचं असंच असतंय,” असं मागून कुणीतरी पुटपुटलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. लिहायला लाज वाटते, पण ते त्या क्षणी मला सोयीचं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मामांना वजनकाट्यावर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं.

आठवड्यानं मी काट्याजवळून जाताना त्यांनी हाक मारली आणि एक वही माझ्या हातात दिली. संगणकावर भरलेली प्रत्येक नोंद ते वहीतही उतरवायचे: शेतकऱ्याचं नाव, आलेला नंबर आणि वेळ. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांची आपली सवय. “न्या. काय सापडतंय का बघा,” एवढंच म्हणाले.

दहा मिनिटांत सापडलं. वहीतल्या त्या चारही नंबरांवर सर्व्हरमध्ये दुसऱ्याच क्लार्कनं भरलेले शेतकरी होते, त्याच मिनिटाला भरलेले. दोन थ्रेडनी एकाच वेळी पुढचा नंबर वाचला होता आणि मागून आलेल्यानं आधीची नोंद पुसली होती. एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं कुलूप मी घातलंच नव्हतं. मामांच्या नोंदी सगळ्यात जास्त, म्हणून फटकाही त्यांनाच जास्त.

कुलूप घातलं. या वेळी मात्र खरं तपासायचं होतं. मी मामांनाच विनवलं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सातही क्लार्क गोळा केले आणि आठव्या खुर्चीवर स्वतः बसले.

“मी दाबा म्हटलं की दाबायचं! एऽऽक... दोऽऽन...”

“मामा, फोटू काढतायसा व्हय?” कुणीतरी ओरडलं.

“गप बस. दाबा!”

आठ बोटं एकदम एंटरवर पडली. असं शंभर वेळा केलं. आठशे नोंदी, आठशे वेगळे नंबर. आजही माझं कुठलंही काम मी माणसं गोळा करून, एकदम दाबायला लावूनच तपासतो. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही.

उठताना मामांनी हळूच विचारलं, “म्हंजे माझं चुकलं न्हवतं न्हवं?”

“बघू मामा, अजून तपासतोय,” मी म्हणालो.

कारखान्यातल्या वरच्यांना चूक न सांगता मी नुसती ‘सुधारित आवृत्ती’ दिली. पाचही प्लॉट यादीत आले, ऊस तुटला. मामा काट्यावरच राहिले. तीन हंगाम. भेटलो की मला चहा पाजायचे, माझ्या आईची चौकशी करायचे. एकेक चहा मला जड जायचा.

ते निवृत्त व्हायच्या आठवड्यात मी काट्यावर गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी समोरच्या ट्रॅक्टरचा नंबर लिहून घेतला.

“मला ठावं हाय,” मग म्हणाले. “पण हितं मला एकट्याला सांगून काय उपेग? हॉलात बोल्लासा न्हवं? हॉलातच बोला.”

दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये, अधिकारी आणि सगळे क्लार्क असताना, मी मामांसमोर उभा राहिलो.

“मामांनी नोंदी भरल्या होत्या. त्या माझ्या प्रोग्रॅमनं पुसल्या. मी तो तपासला नव्हता, कागदावर खोटं लिहिलं होतं. मला हे तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं आणि मी गप्प बसलो. मामा, मला माफ करा.”