नकाशातला आठवा रंग

रंगांची शिस्त हा सुसंस्कृत माणसाचा पहिला गुण आहे, असं मी बरीच वर्षं मानत आलो. खरं कारण मानेचं दुखणं होतं. चंद्रपुरात नकाशे आणि फलक काढून पोट भरणाऱ्या माणसानं एकदा तीनशे-साडेतीनशे हिरव्या ठिपक्यांचा रंग एकेक करून बदलला, की तो तत्त्वज्ञ तरी होतो किंवा ग्लोबल स्वॉच वापरायला शिकतो. मी शिकलो. फाइलमध्ये रंग मोजके ठेवायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं आणि सगळ्या आकृत्या त्या नावाला जोडायच्या. मग ‘जंगल’ एका जागी बदललं की सगळं जंगल बदलतं.

एका कार्यालयासाठी गडचिरोलीतल्या आरोग्य केंद्रांचा नकाशा काढत होतो, तेव्हा माझे रंग सात होते. एवढा मोठा जिल्हा सातात बसवला याचा मला अभिमान होता. तिथल्या साहेबांना हिरवा जरा आश्वासक हवा होता, मग थोडा कमी आश्वासक, मग पहिलाच. दर वेळी एक क्लिक. दमायला व्हायचं ते त्याआधीचा अर्धा तास ऐकून.

एप्रिलमध्ये भामरागडकडच्या एका उपकेंद्रातल्या नर्सबाई गावांची नावं तपासायला आल्या. नावं बरोबर होती. त्यांनी बोट ठेवलं ते त्यांच्या गावाला जाणाऱ्या लाल रेघेवर.

“भाऊ, हा काऊन लाल? पावसाळ्यात इथी डोंगा चालते.”

मी म्हणालो, रस्ता म्हटला की लाल, अशी माझी पद्धत आहे.

“पद्धत राहू द्या तुमच्यापाशी. औषधाच्या गाडीवाल्याले कोन सांगन?”

मग त्यांनी नीट सांगितलं. पावसाळ्यात नदीचं पाणी त्या रस्त्यावर चढतं आणि होडीनंच जावं लागतं. हा नकाशा गाडीवाल्यांनाही मिळणार होता. गाडीवाला दरवर्षी नवा असतो. लाल रेघ पाहून तो जुलैत निघतो, नदीपाशी थांबतो आणि खोक्यांसकट परत जातो. रस्ता बंद होतो हे आधी कळलं, तर चार महिन्यांची औषधं मेमध्येच येतील. एवढंच त्यांना हवं होतं.

मी आठवा रंग केला. बुडणारे रस्ते त्यांना विचारून एकेक निवडले. दुपार गेली आणि मानही. रंग तपकिरी ठेवला, नकाशाच्या कोपऱ्यातल्या रंगांच्या सूचीत त्याच्यापुढे लिहिलं: पावसाळ्यात बंद.

साहेबांनी नकाशा लांबूनच पाहिला. तपकिरी उदास वाटतो म्हणाले, काहीतरी प्रसन्न करा. सूची त्यांनी वाचली नव्हती. ती वाचा, असं सांगता आलं असतं, पण मग पुन्हा अर्धा तास. मी एक क्लिक केली. बुडणारे सगळे रस्ते गुलाबी झाले, सूचीतली पट्टीही गुलाबी झाली, तिच्यापुढचे शब्द होते तसेच राहिले. आता कसा विकास दिसतोय, असं साहेब म्हणाले.

गाडीवाल्यांच्या प्रती मेच्या सुरुवातीला छापून गेल्या. मोठ्या नकाशाचं अनावरण ऑगस्टमध्ये गडचिरोलीत झालं. साहेबांनी भाषणात गुलाबी रेघेवर छडी ठेवली आणि ही या भागाची जीवनवाहिनी आहे असं सांगितलं. नंतर हार घातलेली दुसरी प्रत घेऊन ते त्याच रस्त्यानं नर्सबाईंच्या उपकेंद्राकडे निघाले.

नर्सबाईंची औषधं मेअखेरीस पोचली होती. साहेबांची गाडी नदीपाशी थांबून परत आली.